गच्चीवरचं १० बाय १० चं शेडनेट किट: सोलापूरच्या उन्हाला पुरतं का?

आधी गुण सांगून टाकतो, कारणं मागून येतील. पाचपैकी सांगाड्याला साडेतीन, जाळीला तीन, जोडणीच्या सामानाला दोन, ठिबकला दीड आणि पायाला शून्य. पायाला शून्य, कारण किटमध्ये पाया येतच नाही. एवढं असूनही घ्यावं का? घ्यावं. फक्त पेटीतलं काय ठेवायचं आणि काय भंगारात घालायचं ते आधी माहीत असावं.

किट म्हणजे हे: १० बाय १० फुटांचा, बाजूला ७ आणि मध्ये साडेआठ फूट उंचीचा, नट-बोल्टने जुळणारा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपचा सांगाडा. त्यावर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट, चेनचा दरवाजा, पांढऱ्या नायलॉन टायचं एक पुडकं आणि ‘ठिबक संच मोफत’. नावं निरनिराळी असतात, मासला तोच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा होटगी रोडला एखाद्या फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याकडून, याच मापाचं बनवून घेता येतं. तेव्हा तुलना त्याच्याशी.

पार्सलने येणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या ‘ग्रीनहाऊस’चा विषय इथेच मिटवतो. ती वस्तू ऊब कोंडण्यासाठी बनलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० ते ४४ च्या घरात असतो आणि बंद प्लॅस्टिकच्या आत तो सहज ५० च्या वर जातो. थंडीचं म्हणाल, तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतसुद्धा इथे भाजीपाल्याला कोंडलेल्या उबेची गरज पडत नाही. त्यातून त्याच्या नळ्या पत्र्यासारख्या पातळ आणि कोपऱ्याचे सांधे प्लॅस्टिकचे. एक उन्हाळा गेला की सांधा हातात तुकडे होऊन येतो. रोपांचे चार ट्रे पावसाच्या माऱ्यापासून झाकायला ठीक, बागेला नाही. इथे हवी सावली, वारा आणि थोडा ओलावा. म्हणून शेडनेट.

सांगाडा: भाव विचारू नका, वजन विचारा

पाइपचा दर लोखंडाच्या बाजाराबरोबर हलत राहतो, म्हणून किटची किंमत ऐकून काहीच कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही. हिशोब सोपा आहे: पाइपच्या बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला पुन्हा जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर येतं ते मीटरमागे किलो.

या मापाच्या घराला सहा खांब, वरची चौकट, खालची चौकट आणि आढं मिळून १३२ फूट, म्हणजे साधारण ४० मीटर पाइप लागतो. कमानी वेगळ्या. हलक्या किटमध्ये २५ मिमीचा, १.२ मिमी जाडीचा पाइप असतो. तो मीटरला ०.७ किलो भरतो, म्हणजे सगळा मिळून २८ किलो. बऱ्या किटमध्ये ३२ मिमी व्यास आणि २ मिमी जाडी असते. मीटरला जेमतेम दीड किलो, एकूण ५९ च्या आसपास. फॅब्रिकेटरकडे एक इंची ‘बी’ क्लास पाइप, म्हणजे निळ्या पट्ट्याचा, मागितला तर मीटरला २.४ किलो प्रमाणे ९६ किलो होतात. पिवळा पट्टा ‘ए’ क्लासचा, तो ८० च्या आत-बाहेर. आमचे साडेतीन गुण २ मिमीच्या किटला आहेत. १.२ मिमीच्याला एक, तोही उचलायला सोपं म्हणून.

‘बी’ क्लास घरगुती गच्चीला जास्तच होतो असं काही जण म्हणतात. सावलीपुरतं बघितलं तर खरंय. पण वेलींसाठी तारा ताणायच्या असतील आणि दोडका, कारली, काकडी वर चढवायची असेल, तर पानाफळांचं वजन आणि वळवाचा वारा एकदमच अंगावर येतात.

किटचा एक मोठा गुण म्हणजे त्यात वेल्डिंग नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं, पांढरा धूर निघतो (तो नाकात जाऊ देऊ नये), आणि पहिल्या पावसानंतर गंज नेमका तिथूनच धरतो. फॅब्रिकेटरकडून बनवून घेताना म्हणूनच क्लॅम्प आणि बोल्टचा आग्रह धरावा. वेल्डिंग केलंच तर सांध्यावर जस्ताच्या रंगाचे दोन हात द्यायला लावायचे. किटमध्येही पाइपची कापलेली तोंडं आणि बोल्टची भोकं उघडी असतात. जुळवणीच्या आदल्या दिवशी जमिनीवरच त्यांना जस्ताचा रंग लावून घेतला तर अर्ध्या तासाचं काम; उभं केल्यावर तेच काम कुणी करत नाही.

आता मुख्य खोट. किटमध्ये तिरके आधार नसतात. बोल्टने जोडलेला चौकोन कितीही आवळला तरी वाऱ्याने तिरका होतो, मग बोल्टची भोकं लांबुळकी होतात आणि सांगाडा खुळखुळा होतो. उपाय स्वस्त आहे: दरवाजाची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंना ३ मिमीची जीआय तार फुलीसारखी ताणायची, प्रत्येक तारेला एक टर्नबकल (तार ताणायचा पेच). १० बाय ७ ची बाजू असेल तर कर्ण १२ फूट अडीच इंच येतो. बांधायला जागा धरून तार १४ फुटांची कापावी. ती सोसली नाही तर निदान चारही कोपऱ्यांत दीड फुटाच्या तिरक्या पट्ट्या मारा.

खालची चौकट मांडताना कर्ण मोजल्याशिवाय एकही बोल्ट शेवटपर्यंत आवळू नये. १० बाय १० चा कर्ण १४ फूट पावणेदोन इंच. दोन्ही कर्ण जुळले की मग वरची चौकट, मग कमानी, सगळ्यात शेवटी आवळणं. बोल्ट आधीच आवळले तर शेवटची कमान दोन बोटं आखूड पडते, आणि लोक पाइप कापून आणलाय म्हणून विक्रेत्याशी भांडतात.

पाया

शून्य गुणांवर थोडं जास्त बोलावं लागेल. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘फाउंडेशन बोल्टने पक्कं करा’. गच्चीच्या स्लॅबला भोक पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावायची आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत बादली ठेवायची, असा त्याचा अर्थ. भोक पाडू नका. वजनाने दाबा.

किती वजन लागेल ते वाऱ्यावरून काढता येतं. ताशी ७२ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर. तो चौरस मीटरला साधारण २४ किलोचा दाब देतो. १० बाय ७ फुटांची एक बाजू साडेसहा चौरस मीटर, म्हणजे भिंत भरीव असती तर दीडशे किलोंच्या वर ढकल. जाळीतून वारा आरपार जातो म्हणून ती कमी होते, पण छतावर उचल वेगळी बसते. तेच प्लॅस्टिकने मढवलं तर पूर्ण दाब आणि पूर्ण उचल. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ येते तिला जाहिरातीतली ‘विंडप्रूफ’ चिठ्ठी वाचता येत नाही.

सगळ्यात सोपा पाया म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या. प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक, म्हणजे सहा. बादलीत खांबाचा सॉकेट, म्हणजे खांब आत बसेल असा फूटभर पाइप, ओळंब्यात उभा करायचा आणि एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी भरायची. भरलेली बादली ४८ किलोंच्या आसपास जाते; सहांचे २८८ किलो. सात दिवस पाणी मारायचं, मगच खांब बसवायचे. सॉकेटचं बूड बंद असतं, त्यात पाणी साचून पाइप आतून कुजतो. म्हणून काँक्रीटच्या पातळीच्या जरा वर सॉकेटला ६ मिमीचं भोक ठेवा आणि त्या भोकापर्यंत सॉकेट आतून सिमेंटने भरून टाका.

बादलीखाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा. खालची चौकट गच्चीला चिकटवून ठेवायची नाही, निदान दीड इंच वर घ्यायची. नाहीतर गच्चीचा उतार अडतो, पाणी तुंबतं, शेवाळ धरतं आणि सहा महिन्यांनी खालच्या छताला ओल येते. दोष मग बागेला लागतो.

सांगाडा कठड्याच्या पाइपला किंवा पाण्याच्या टाकीला बांधायचा नाही. वाऱ्यात तो कठड्यालाच हिसके देतो.

स्लॅबवर किती भार चालेल? माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आराखड्यात सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० किलोंचा चलभार, म्हणजे माणसांचा आणि सामानाचा भार, धरलेला असतो. १० बाय १० म्हणजे ९.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण १४०० किलो. त्यात सांगाडा, बादल्या, कुंड्या, पाणी आणि तुम्ही, सगळं आलं. १२ बाय १२ इंचाची ग्रो बॅग काठापर्यंत भरली तर २२ लिटरची. नुसती काळी माती भरून भिजवली तर एक बॅग ३५ किलोंवर जाते. अशा ४० बॅगांतच १४०० किलो संपले! कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, मिश्रण भरलं तर बॅग २० किलोंच्या आत राहते आणि ४० बॅगा ८०० किलोंत बसतात. त्यामुळे कोकोपीट इथे चैनीत मोडत नाही. जड बॅगा भिंतीच्या आणि तुळयांच्या वर, हलकी रोपं मध्ये.

जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांवर हे काहीही करू नये. मातीच्या माळवदाला रोजचं ठिबक म्हणजे आजारपण विकत घेणं. तिथे अंगणात करा, नाहीतर सोडून द्या.

जाळी

किटमधली जाळी हिरवी असते, कारण ग्राहकाला हिरवी आवडते. झाडाचं मत वेगळं. हिरव्या जाळीतून हिरवा प्रकाश जास्त झिरपतो आणि पानाला तोच कमी कामाचा. रोपं उंच, लवचिक, पांढुरक्या देठाची होतात. काळी जाळी स्वतः तापते. भाज्यांसाठी पांढरी किंवा हिरवी-पांढरी चांगली, कारण तिच्यातून प्रकाश विखरून येतो आणि खालच्या पानांनाही मिळतो. किट मागवतानाच ‘जाळी पांढरी द्या’ म्हणावं. बहुतेक विक्रेते देतात, फक्त विचारल्याशिवाय देत नाहीत.

टक्के किती? मिरची, वांगी, टोमॅटोला ३५ ते ५०. पालक, मेथी, कोथिंबिरीला ५०. फर्न, ऑर्किड आणि कलमांच्या रोपांना ७५. ‘आमच्याकडं ऊन लई, ७५ चीच द्या’ ही चूक दर दुसऱ्या घरी दिसते. मेमध्ये ती बरी वाटते, कारण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी जेमतेम ४९ अंश चढतो. तेव्हा ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मिरचीला फूल धरत नाही. ५० टक्क्यांची घ्या आणि मार्च ते मे, दुपारभर, पश्चिमेच्या बाजूला आणि छतावर दुसरा पदर टाका. पश्चिम महत्त्वाची. तीन ते साडेपाचचं तिरपं ऊन नुसतं छतावरून येत नाही, बाजूनेही येतं.

जाळी ओळखायची कशी? बंडलावर आयएस १६००८ (शेडनेटचं भारतीय मानक) चा उल्लेख आणि यूव्ही स्थिरीकरणाची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी जाळी लवकर न कुजण्याची, हमी बघा. धागा गोल असेल तर ती मोनो, चपटा असेल तर टेप. दोन्ही बाजूंनी गोल धागा असलेली मोनो-मोनो जाळी जास्त टिकते आणि वाऱ्याला वाट देते. किटमध्ये बहुधा टेप-टेप असते. सूतगिरण्यांच्या आणि चादरींच्या गावात ताणा-बाणा समजावून सांगायला नको. जाळी दोन बोटांत धरून तिरकी ओढा. धागे सरकून भोक पडलं तर वीण सैल आहे.

उन्हात जाळी आकसते. म्हणून पहिल्या दिवशी तबल्यासारखी ताणू नये, चार-पाच बोटांचा झोळ ठेवावा. पांढरे नायलॉन टाय तर पेटीतच राहू द्या. ते एका उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात, तुटतात ते वाऱ्याच्या दिवशी, आणि सगळे मिळून. तारेने बांधली तर तार धागा कापते. पॉलीहाऊसवाले वापरतात ती अॅल्युमिनियमची प्रोफाइल पट्टी आणि झिगझॅग स्प्रिंग हा खरा उपाय. १० बाय १० ला वरच्या चौकटीपुरती ४० फूट पट्टी पुरते, आणि बाजूच्या जाळीला खाली काळे यूव्ही टाय चालतात. पट्टी दर फुटाला एका स्क्रूने पाइपवर बसवायची. दोन पाखं जोडायची असतील तर शिवण प्लॅस्टिकच्या जाड धाग्याने घाला. सुती दोरा पाण्याने कुजतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. जाळी फाटते ती मध्ये नाही, पाइपवर. तापलेला पाइप खालून जाळीला भाजत राहतो. जिथे जाळी टेकते तिथे पाइपची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवा. एवढ्याने जाळीचं आयुष्य नजरेत भरेल इतकं वाढतं.

चेनचा दरवाजा दिसायला छान. पण धूळ आणि पाण्यातले क्षार चेनीत बसतात आणि ती अडते. महिन्यातून एकदा चेनीवर मेण घासा, किंवा सरळ तीन इंच चढाव ठेवून पडद्यासारखं पाखं करा आणि खाली पाइपचा तुकडा अडकवा. दरवाजा पूर्वेला. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला उघडी फट ठेवली की घर फुग्यासारखं भरतं.

मोफत ठिबक मोफतच असतं

इथे दीड गुण का, ते बघा. संचातला ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, ताशी ४ लिटरचा असतो. हा आकडा १ बार दाबाचा. १ बार म्हणजे १० मीटर उंचीवरचं पाणी. गच्चीवरची टाकी बागेपेक्षा फार तर दीड मीटर वर असते, म्हणजे दाब ०.१५ बार. साध्या ड्रिपरमधून तेव्हा ताशी दीड लिटरच पडतं, आणि टोकाच्या चार ड्रिपरना तेही नाही. ‘पीसी’ नावाचा महागडा, दाब सांभाळणारा ड्रिपर घेतला तर इतक्या कमी दाबाला तो नीट चालतही नाही. त्यामुळे टाकीवरून चालवायचं तर साधा ड्रिपर, १६ मिमीची नळी, मध्यातून दोन्हीकडे फाटे, आणि वेळ अडीचपट.

दुसरं म्हणजे पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही, पण किटवाल्याला सांगावं लागतं. मेमध्ये बॅगेला रोज २ लिटर धरले तर ४० बॅगांना ८० लिटर. पाच दिवसांचे ४००. म्हणजे बागेची स्वतःची ५०० लिटरची टाकी हवी, आणि ती भरल्यावर अर्धा टन होते. ती जाळीच्या आत नको. इमारतीच्या कॉलमच्या किंवा भिंतीच्या डोक्यावर, बाहेर.

बोअरचं पाणी असेल तर क्षार. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडा जमतो आणि महिन्याभरात निम्मे ड्रिपर बंद पडतात. झाड वाळल्यावर कळतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर, आठवड्याला नळीची टोकं उघडून धुणं, आणि दोन महिन्यांतून एकदा ड्रिपर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणं. लिटरला २०-२५ ग्रॅम पुरे. एसीतून ठिबकणारं पाणी क्षार नसलेलं असतं, रोपांच्या ट्रेला ते सोन्यासारखं. आरओ मशीनचं बाहेर फेकलेलं पाणी मात्र बागेत नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात.

काही विक्रेते चार फॉगरही (पाण्याचं धुकं सोडणारी तोंडं) देतात. कोरड्या हवेत फॉगर गारवा देतो, यात शंका नाही. एप्रिल-मेची सोलापूरची दुपार त्यासाठीच बनल्यासारखी आहे. पण चार तोंडांचा फॉगर ३ ते ४ बार दाब मागतो. घरच्या पंपाच्या पाटीवर ‘हेड’ बघा, ४० मीटर लिहिलं असेल तर ४ बार. कमी असेल तर धुक्याऐवजी थेंब गळतात. ताशी २८ लिटरचे चार फॉगर सलग चालले तर तासाला ११२ लिटर जातील, आणि घरात पाण्यावरून महाभारत. टायमर लावून दर १० मिनिटांना ३० सेकंद ठेवलं तर तासाला ५.६ लिटर, अकरा ते चार मिळून २८. हे परवडतं. क्षारांच्या पाण्याने पानांवर आणि जाळीवर पांढरी भुकटी बसते, तेव्हा संध्याकाळी साध्या पाण्याचा हलका फवारा.

फॉगर नको असेल तर पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. भुसार बाजारात जुनी बारदानं मिळतात. त्यावर ठिबकच्या नळीचा एक तुकडा सोडला की झालं. दिसायला गबाळं, कामाला चोख.

आत काय भरायचं, काय लावायचं

मिश्रण: ४० टक्के कोकोपीट, ३० पोयट्याची माती, ३० गांडूळखत, आणि बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. बॅग काठोकाठ भरत नाहीत, वर दोन बोटं सोडतात, म्हणून २० लिटर धरा. ४० बॅगांना ८०० लिटर, त्यातलं कोकोपीट ३२०. पाच किलोची वीट भिजवल्यावर साधारण ७० लिटर फुलते, म्हणजे पाच विटा घ्या. भिजवलेलं कोकोपीट दोनदा धुऊन पाणी फेकून द्या, त्यात मीठ असतं. आपल्या पाण्यातही क्षार, म्हणून आठवड्यातून एकदा बुडातून पाणी वाहीपर्यंत भरपूर पाणी द्यायचं. नाहीतर पानांच्या कडा करपतात आणि लोक पाणी कमी पडलं समजून रोज थोडं-थोडं वाढवत बसतात. त्याने क्षार आणखी साचतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. हिराकस टाकून उपयोग होत नाही, चुनखडीच्या पाण्यात तो लगेच अडकतो. ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेटेड लोह घ्यावं, पाकिटावरच्या प्रमाणात. टोमॅटोच्या बुडाला काळा खड्डा पडत असेल तर तो रोग नाही. पाणी कधी जास्त, कधी कमी झाल्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

किटच्या जाहिरातीत ‘बारमाही टोमॅटो’ असतो. जाळीने ऊन कमी होतं, हवा गार होत नाही. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचं फूल गळतं. इथे टोमॅटो लावायचा तो पावसाळा सरता-सरता, हस्ताच्या सुमाराला, आणि मार्चपर्यंत खायचा. उन्हाळ्यात जाळीखाली कोथिंबीर, पालक, राजगिरा, पोकळा. बाजारात जुडी महाग असते तेव्हा किटचे पैसे तिथेच वसूल होतात. भेंडी-गवारीला जाळी लागतच नाही, ती बाहेर ठेवा.

काकडी, दोडका, दुधी पूर्ण बंद जाळीत लावले तर फूल येतं आणि कोवळं फळ पिवळं पडून गळतं, कारण मधमाशीसारखे कीटक आत येत नाहीत. काकडीसाठी सकाळी, आणि दोडका-दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळी पाखं उघडं ठेवा, किंवा नर फूल तोडून मादीच्या फुलाला घासा. मिरची-टोमॅटोला सकाळी दहाच्या आत देठ हलकेच झटकला तरी पुरतं.

५० टक्क्यांची जाळी किडीला अडवते हा गैरसमज. तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात जाते. तिला अडवायला ४० मेशची (इंचात ४० भोकांची) कीडजाळी लागते, पण ती वाराही अडवते, म्हणून छताला नको, फक्त बाजूंना. पिवळे चिकट सापळे दोन, फुलकिड्यांसाठी निळा एक. कोरड्या उन्हाळ्यात खरा त्रास लाल कोळ्याचा. पान वरून ठिपक्याठिपक्यांनी फिकट दिसलं की उलटून बघा. आधी पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली पातळ साबण; ऊन उतरल्यावर, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा. भर दुपारी मारलं तर कोळी वाचतो आणि पान जळतं.

देखभाल

मृगाच्या आधी दोन दिवस काढायचेच. सगळे बोल्ट, टर्नबकल, प्रोफाइलचे स्क्रू आवळायचे, उन्हाळ्याचा दुसरा पदर काढायचा, गंजाचे डाग पॉलिश पेपरने घासून जस्ताचा रंग द्यायचा. ‘आत्ताच तर आवळले होते’ हे खरं असलं तरी उन्हाने पाइप रोज लांबतो-आखडतो आणि बोल्ट सैल होतो. स्प्रिंग वॉशर नसतील तर नक्कीच. किटमध्ये ते नसतात. सप्टेंबरात पाऊस सगळ्यात जोरात असतो, तेव्हा छताच्या झोळात पाणी आणि पालापाचोळा साठतो का ते बघायचं. दिवाळीनंतर छताची जाळी एका बाजूने गुंडाळून ठेवता आली तर हिवाळी भाज्या दुप्पट हसतील. पण त्यासाठी एक बाजू पक्की आणि उरलेल्या तिन्ही सुटणाऱ्या, अशी जुळवणी पहिल्याच दिवशी करावी लागते.

तर मग घ्यायचं कुणी? ज्याला एका रविवारी उभं करायचंय, भाड्याच्या घरात राहतो आणि उद्या उचलून न्यायचंय, त्याने २ मिमीचं किट घ्यावं आणि वरून तार, टर्नबकल, प्रोफाइल, स्प्रिंग वॉशर आणि सहा बादल्यांचा खर्च धरावा. स्वतःचं घर असेल, वेल चढवायचे असतील, तर फॅब्रिकेटरकडे निळ्या पट्ट्याचा पाइप, बोल्टची जुळवणी. त्याला कागदावर सगळी मापं लिहून द्या आणि काट्यावरची वजनाची चिठ्ठी मागा. तोंडी व्यवहारात निळा पट्टा वाटेत पिवळा होऊ शकतो.

किट घेताना बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये, जाळीचे टक्के आणि वीण, यूव्ही हमी किती वर्षांची, आणि ‘कमानी किती’. बंडलावरची छापील पट्टी कापून टाकू नका, फोटो काढून ठेवा. जाळीची हमी मागायला गेलं की पहिला प्रश्न तिचाच असतो, आणि पेटी उघडताना सगळ्यात आधी केरात जाते तीही तीच.